घर बांधताना माल वाया जाऊ नये आणि नंतर लाइट बिल कमी यावं यासाठी : सारखे विचारले जाणारे प्रश्न

सातारा-कऱ्हाड पट्ट्यात मी सतरा वर्षं घरांची कामं करतोय, बंगले, रो-हाऊस, गावाकडची दुमजली घरं. लोक फोनवर, व्हॉट्सॲपवर, साइटवर उभं राहून तेच तेच प्रश्न विचारतात, आणि विचारलेच पाहिजेत कारण बहुतेक माणूस घर आयुष्यात एकदाच बांधतो आणि त्यात सगळी पुंजी घालतो. म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

माल वाया जाणं आणि लाइट बिल, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत का?

नाहीत. सिमेंटची भट्टी साधारण 1450 अंशांवर चालते, वीटभट्टीत कोळसा जळतो, लोखंड वितळवायला तर विचारूच नका. म्हणजे तुमच्या दारात गोणी येते तेव्हा तिच्यात आधीच भरपूर इंधन जळालेलं असतं, ती गोणी पावसात भिजून दगड झाली की ते सगळं इंधन गेलं आणि तुमचे पैसेही गेले. दुसरं म्हणजे दोन्हीचा निर्णय एकाच वेळी होतो, पाया खणायच्या आधी, नकाशावर. खोली कुठल्या दिशेला, खिडकी केवढी, पाइप कुठून जाणार, सळई किती लांबीची, हे कागदावर ठरलं नाही की मग साइटवर तोडफोड सुरू होते आणि ती शेवटपर्यंत थांबत नाही.

साइटवर सगळ्यात जास्त काय वाया जातं?

लोक कोपऱ्यातला विटांच्या तुकड्यांचा ढीग दाखवतात. तो डोळ्याला दिसतो म्हणून. पण जास्तीचा माल भिंतीतच जाऊन बसतो आणि तो कुणालाच दिसत नाही. उदाहरण देतो, आतल्या भिंतीचं प्लास्टर 12 मिलीमीटर पुरतं. वीटकाम ओळंब्यात नसेल, भिंतीला पोट आलं असेल, तर गवंडी ते झाकायला 20 मिलीमीटर मारतो. हजार स्क्वेअर फुटाला हे वरचे 8 मिलीमीटर म्हणजे 1:4 मालाला (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) पाच-साडेपाच गोण्या सिमेंट, वाळू वेगळी. घरात आतलं प्लास्टर चार हजार स्क्वेअर फूट असेल तर वीस-बावीस गोण्या नुसत्या वाकडी भिंत सरळ दाखवायला गेल्या. म्हणून वीटकाम चालू असताना दर चार थरांनी ओळंबा आणि दोरी लावून बघा, प्लास्टरच्या वेळी बघून काही उपयोग नाही.

त्यानंतर नंबर लागतो फोडाफोडीचा. भिंत झाली, प्लास्टर झालं, मग प्लंबर येतो आणि फोडतो, मग इलेक्ट्रिशियन येतो आणि फोडतो, मग वहिनी म्हणतात मिक्सरचा पॉइंट ओट्याच्या या बाजूला पाहिजे होता. वहिनींचं बरोबरच असतं, त्यांना आधी कुणी विचारलेलंच नसतं! ओट्याचा, बाथरूमचा आणि पॉइंटचा नकाशा घरातल्या सगळ्यांना, खास करून स्वयंपाकघर वापरणाऱ्यांना, बसवून करा आणि वीटकामाच्या आधी करा.

सळईचे तुकडे उरतातच, त्याला काय करणार?

उरतात, पण किती उरतात हे आपल्या हातात आहे. सळई 12 मीटरची येते. समजा बीमला 4.3 मीटरचे तुकडे लागतात. एका सळईतून दोन निघाले, 3.4 मीटर उरलं आणि ते फिटरने बाजूला टाकलं. अशा 30 सळया झाल्या की 102 मीटर, 12 एमएमच्या सळईचे हे 90 किलो होतात. तेच कटिंगच्या आधी यादी केली असती तर कळलं असतं की दार-खिडकीवरच्या लिंटलला 3.2 मीटरचे तुकडे लागणारच आहेत, 4.3 अधिक 4.3 अधिक 3.2 म्हणजे 11.8, वीतभर तुकडा उरला. या यादीला बीबीएस म्हणतात, तुमच्या आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) डिझायनरकडून ती मागून घ्या, देत नसतील तर पैसे देऊन करून घ्या. वजन काढायचं सूत्रही सोपं आहे, सळईच्या जाडीचा एमएममधला वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचे किलो मिळतात, काट्यावर माल मोजून घेताना हे पाठ असू द्या.

उरलेल्या छोट्या तुकड्यांच्या स्लॅबसाठी खुर्च्या करून घ्या, म्हणजे वरची जाळी खाली बसत नाही.

सिमेंट किती आणून ठेवायचं?

आठ-दहा दिवसांचं, बस. स्वस्त मिळतंय म्हणून दोनशे गोण्या भरून ठेवू नका. तीन महिन्यांच्या वर ठेवलेल्या सिमेंटची ताकद चांगलीच उतरते. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून फूटभर लांब, थर दहा गोण्यांच्या वर नाही, आणि आधी आलेलं आधी वापरायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेला पूर आला तेव्हा माझ्याच एका साइटवर साठ गोण्या भिजल्या, नदीपासून लांब आहे म्हणून खालच्या खोलीत ठेवल्या होत्या. मालकाने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून त्या घेतल्या होत्या, ते मला अजून विसरता येत नाही.

आणि कालवलेला माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा. जेवायच्या सुट्टीआधी मोठा घाणा लावायचा आणि परत आल्यावर पाणी मारून तोच वापरायचा हे सर्रास चालतं, ते बंद करा.

लेबर रेटने काम द्यावं की विथ मटेरियल?

याचं एकच उत्तर नाही, पण आतली गोष्ट सांगतो. लेबर रेटमध्ये माल तुमचा आणि वेग कंत्राटदाराचा, त्याला तुकडा जोडत बसण्यापेक्षा अख्खी वीट फोडणं परवडतं, म्हणून माल वाया जातो. विथ मटेरियलमध्ये माल त्याच्या खिशातला, त्यामुळे वाया जात नाही, पण मग सिमेंट कमी पडतंय का यावर तुम्हाला डोळा ठेवावा लागतो. मी स्वतः लेबर रेटवर काम घेतो तेव्हा मालकाबरोबर आधीच ठरवतो की अंदाजपत्रकातल्या मालापेक्षा जे वाचेल त्याच्या किमतीतला काही वाटा गवंडी आणि फिटरला मिळणार. हे करायला लागल्यापासून बिगारीसुद्धा पडलेली वीट उचलून ठेवतो. त्याच्या घामाचा त्यात वाटा आहे म्हटल्यावर तो का नाही ठेवणार.

लाल वीट, फ्लाय ॲशची वीट की एएसी ब्लॉक?

उन्हाळ्यात ज्या भिंती तापतात, म्हणजे पश्चिमेच्या आणि वरच्या मजल्याच्या, तिथे एएसीचा, म्हणजे हलक्या सिमेंट ब्लॉकचा, फायदा खरोखर जाणवतो. ब्लॉकमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात म्हणून उष्णता आत यायला वेळ लागतो, वजनही विटेच्या साधारण तिसरा हिस्सा, त्यामुळे डिझायनरला आधी सांगितलं तर पाया आणि सळईतही थोडी बचत होते. आधी सांगितलं तर, हे लक्षात ठेवा, सगळं डिझाइन लाल विटेवर करून मग ब्लॉक लावले तर ती बचत गेली.

पण एएसी हाताळायला नाजूक आहे. ट्रॅक्टरमधून ओतून उतरवला की कडा गेल्या. करवतीने कापायचा, थापीने फोडायचा नाही. पाइपसाठी खाचा मशीननेच मारायच्या, छिन्नी-हातोड्याने मारल्या तर भिंतीला तडे जातात. जोडाला त्याचं स्वतःचं अॅडेसिव्ह येतं, 2-3 मिलीमीटरचा थर पुरतो, साधा माल 10-12 मिलीमीटर लागतो. आणि गवंड्याने आधी कधी केलेलं नसेल तर त्याला पहिली कंपाउंडची भिंत करू द्या, हॉलची नको.

फ्लाय ॲशच्या विटा परळी, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांच्या राखेतून होतात, भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, आकार एकसारखा असतो म्हणून प्लास्टर कमी लागतं. मात्र उष्णता अडवण्यात त्या एएसीच्या जवळपासही नाहीत, विकणारा काहीही सांगू दे. कोकणात असाल तर या सगळ्याच्या आधी जांभ्याच्या चिऱ्याचा विचार करा, जवळच्या खाणीतून येतो, भाजायचा नाही, आणि नीट दरजा भरल्या तर बाहेरून प्लास्टरचीही गरज नाही.

रॅट ट्रॅप बाँड म्हणजे काय? आमच्याकडे होईल का?

वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची, म्हणजे नऊ इंची भिंतीत आतमध्ये पोकळी राहते. विटा साधारण पाव भाग कमी लागतात, सिमेंट-वाळूचा माल त्याहूनही जास्त वाचतो, आणि आतली हवा उष्णता अडवते. लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत घरोघरी नेली. आपल्याकडे होऊ शकते, पण विटा एकसारख्या मापाच्या पाहिजेत आणि गवंडी शिकायला तयार पाहिजे. खिडकी-दाराच्या बाजू, कोपरे आणि जोत्याजवळचा थर भरीवच ठेवायचा. पाइप कुठून जाणार हे आधी ठरलेलंच हवं, नंतर खाच मारली तर पोकळीत हात जातो.

पीपीसी सिमेंट कच्चं असतं म्हणतात, खरंय का?

नाही. पीपीसीमध्ये 15 ते 35 टक्के फ्लाय ॲश असते, तेवढं भट्टीत भाजलेलं क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मूळ माल, कमी. सुरुवातीचे दिवस ताकद हळू चढते, पुढे बरोबरीला येते, आणि काँक्रीट जास्त घट्ट होतं म्हणून पाणी कमी मुरतं. घराला हेच वापरा. फक्त दोन गोष्टींची घाई नको, क्युरिंग आणि सेंट्रिंग काढणं.

क्युरिंगला एवढं पाणी लागतं, उन्हाळ्यात टँकरने आणावं लागतं, कमी केलं तर?

दिवस कमी करू नका, पद्धत बदला. ओपीसीला, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटला, कमीत कमी 7 दिवस आणि पीपीसीला 10 दिवस ओल टिकली पाहिजे. दुपारी पाइप धरून कॉलमवर पाणी मारलं की दहा मिनिटांत सगळं जमिनीवर आणि कॉलम परत कोरडा. त्यापेक्षा कॉलमला गोणपाट गुंडाळा आणि ते ओलं ठेवा, स्लॅबवर वाफे करून पाणी उभं करा, सकाळी आणि उन्हं उतरल्यावर बघा. दुष्काळी भागात, माण-खटावकडे, मी गोणपाटावर वरून प्लास्टिकही गुंडाळतो, पाणी निम्म्याहून कमी लागतं असा माझा अनुभव आहे. क्युरिंग चुकवलं तर वाया गेलेलं सगळ्यात महाग काँक्रीट तेच, कारण ते फेकून देता येत नाही, त्याखाली राहायचं असतं.

जुनं घर पाडतोय. राडारोड्याचं काय करू?

पहिलं, जेसीबी लगेच बोलवू नका. जेसीबी दोन तासांत घर झोपवतो पण सगळं एकत्र कालवून टाकतो, मग त्याला कचऱ्याशिवाय दुसरी किंमत राहत नाही. आठवडाभर माणसं लावून वरून खाली सोडवत या. सागवानी दारं-चौकटी, तुळया, कौलं, फरशी, घडीव दगड, लोखंडी गज, यातलं बरंच नव्या घरात लागतं आणि उरलेलं विकलं जातं. जुन्या वाड्याचा सागवान आज विकत घ्यायला गेलात तर कळेल मी काय म्हणतोय.

दगडाबद्दल एक सांगतो, 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी दगडाचा धसका घेतला आणि तो धसका समजण्यासारखा आहे. पण तिथे बऱ्याच भिंती दोन पाखांच्या, मध्ये माती आणि लहान दगड, आरपार बांधणारा दगडच नाही, वर मातीच्या माळवदाचं ओझं, अशा होत्या. जुना दगड पायात, जोत्यात, कंपाउंडला, फरसबंदीला खुशाल वापरा. त्याची मजल्याची भिंत करायची असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

विटांचे तुकडे टेरेसच्या आणि बाथरूमच्या कोब्याला जातात. काँक्रीटचे तुकडे जोत्याच्या भरावात खाली, थरा-थराने पाणी मारून धुमस करून. भरावात लाकूड आणि पीओपी अजिबात घालू नका, लाकडाने वाळवी येते आणि पीओपी ओल धरतं. वरची सुपीक माती खणताना वेगळी काढून झाकून ठेवा, नंतर बागेसाठी विकत आणायची वेळ येते.

आणि बाकीचा ओढ्यात टाकला तर?

टाकू नका. ओढा बुजला की पुढच्या पावसात पाणी कुणाच्या तरी घरात शिरतं, बऱ्याचदा आपल्याच गल्लीत. शिवाय कायदा आहे. 2016 च्या केंद्राच्या नियमांनी छोट्या घरमालकालाही राडारोडा रस्त्यावर, गटारात टाकायला बंदी केली, आणि दिवसाला 20 टनांच्या वर किंवा महिन्याला 300 टनांच्या वर निघत असेल तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-माल असं वेगळं करायला सांगितलं. 2025 मध्ये नवे नियम आले, ते 1 एप्रिल 2026 पासूनचे, त्यात 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांची जबाबदारी वाढवलीय. मोठ्या शहरात असाल तर पालिकेला विचारा, मुंबईत ‘डेब्रिज ऑन कॉल’ आहे. छोट्या गावात अशी सोय नसते हे खरं आहे आणि ती व्हायला पाहिजे, तोवर शेजारीपाजारी विचारा, भरावाला कुणाला ना कुणाला हवंच असतं.

तोडलेल्या काँक्रीटची खडी परत काँक्रीटमध्ये चालते?

चालते, मर्यादेत. खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस 383, त्याच्या 2016 च्या आवृत्तीत लिहिलंय, काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, एम 25 पर्यंतच्या (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) आरसीसीमध्ये 20 टक्क्यांपर्यंत आणि एम 15 पेक्षा कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये पूर्ण 100 टक्के. पण ही खडी प्लांटमधून धुऊन, चाळून, तपासून आलेली असली पाहिजे. साइटवर घणाने फोडलेले तुकडे कॉलममध्ये घालायचे नाहीत.

वरचा मजला भट्टीसारखा तापतो, काय करू?

पुणे-सातारा-कोल्हापूर भागात मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस आपल्याला माहितीच आहे. म्हणजे उन्हाळ्यात घराला सगळ्यात जास्त ऊन छतातून लागतं. साधा पाच-सहा इंची स्लॅब उष्णता जेवढी आत सोडतो ती इको निवास संहितेने, म्हणजे घरांच्या ऊर्जा बचतीसाठीच्या केंद्राच्या नियमावलीने, छतासाठी घातलेल्या मर्यादेच्या अडीच पटीच्या पुढे जाते. सोलापूर-मराठवाड्यातली माळवदाची घरं थंड का असायची तर मातीचा जाड थर.

आता स्वस्तापासून सांगतो. कोब्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करा, टाइल्सच्या दुकानात फुटका माल स्वस्त मिळतो, म्हणजे तिथलाही कचरा वाचला. ते नको असेल तर पांढरा कूल रूफ पेंट, मात्र दर दोन-तीन वर्षांनी परत मारावा लागतो आणि धूळ बसली की गुण कमी होतो. सगळ्यात चांगलं म्हणजे वॉटरप्रूफिंगच्या वेळीच स्लॅबवर इन्सुलेशनचा बोर्ड टाकून वर कोबा. आतून पीओपीचं फॉल्स सीलिंग हा उपाय लोक आधी करतात, पण स्लॅब तापू देऊन मग आतून झाकण्यापेक्षा वरून अडवलेलं केव्हाही चांगलं.

खिडक्या मोठ्या कराव्यात ना?

दिशा बघून. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा पुरतो, ऊन वरून येतं म्हणून अडतं. पश्चिमेचं ऊन तिरपं आत घुसतं, त्याला आडवा छज्जा अडवू शकत नाही, तिथे जिना, बाथरूम, स्टोअर असं काहीतरी घ्या, नाहीतर उभी जाळी किंवा बाहेर कडुनिंब. समोरासमोर खिडक्या असतील तर वारं वाहतं, एकाच भिंतीला दहा फुटी काच लावून वाहत नाही. पेपरमधल्या फोटोसारखी पश्चिमेला पूर्ण काच लावायची असेल तर एसीचं बिल भरायची तयारी ठेवा.

पंखे आणि एसीचं काय?

साधा पंखा 75 वॅट, कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास, वर्षातले अडीचशे दिवस धरले तर एका पंख्यामागे 135 युनिट वाचतात, चार पंख्यांचे 540. महावितरणचं बिल 100, 300, 500 असे टप्पे ओलांडलं की दर चढतो, त्यामुळे वाचलेली युनिटं वरच्या महाग टप्प्यातली असतात. एसी 24 च्या खाली नको, सोबत पंखा लावा.

सोलर आता लावू की नंतर?

पैसे नसतील तर पॅनल नंतर लावा, पण पाइप आणि जागा आत्ताच ठेवा. टेरेसपासून मीटरपर्यंतचा पाइप प्लास्टरच्या आधी टाका. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्तला 78,000 रुपये अनुदान आहे. 1 किलोवॅटला साधारण शंभर स्क्वेअर फूट जागा लागते आणि स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिटं मिळतात, पावसाळ्यात कमी.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. वास्तूप्रमाणे टाकी नैऋत्येला उंच बांधतात आणि हिवाळ्यात दुपारनंतर तिची सावली ईशान्येकडे पसरते, नेमकी पॅनलवर. टाकी हलवा असं मी म्हणत नाही, श्रद्धा आहे, पण पॅनल आग्नेय बाजूला घ्या किंवा टाकीपासून पुरेसं लांब, आणि हे नकाशावर आखून घ्या.

ग्रीन रेटिंग वगैरे घराला लागतं का?

एका घराला सर्टिफिकेटची गरज नाही. सोसायटी किंवा मोठा प्रोजेक्ट असेल तर गृहा, आयजीबीसी ही रेटिंग बघा, आपल्या राज्यात त्यावर वाढीव एफएसआयही (प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी) मिळतो.

आम्ही स्लॅबपर्यंत आलोय, आता यातलं काय करता येईल?

बरंच. पश्चिमेच्या भिंतीला अजून एएसी घेता येईल का ते डिझायनरला विचारा. या रविवारी घरच्यांना साइटवर आणा, खडूने ओटा, पलंग, फ्रिज, टीव्ही, बेसिन जमिनीवर आणि कॉलमवर आखा, प्रत्येक पॉइंटची उंची लिहा, फोटो काढा आणि तो प्लंबर-इलेक्ट्रिशियनला पाठवा. टाइल्स घ्यायच्या आधी खोलीचं माप प्लास्टर धरून घ्या आणि कुठून सुरुवात केली तर कापलेला तुकडा कपाटाखाली जातो ते कागदावर मांडा, सरळ लावल्या तर चार-पाच टक्के जास्त पुरतात, तिरप्या लावल्या तर दहा लागतात. पुढच्या स्लॅबला आरएमसी, म्हणजे गाडीतून येणारं तयार काँक्रीट, मागवणार असाल तर शेवटच्या गाडीची ऑर्डर उरलेलं क्षेत्र टेपने मोजूनच द्या आणि चेंबरच्या झाकणांचे साचे तेल लावून बाजूला तयार ठेवा, चार घमेली उरली तर त्यात जातील.